जसा आहे तसा चेहरा

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत ओसवाल समाजाची धर्मशाळा आहे. खालच्या मजल्यावर लग्नकार्याची भांडी आणि गाद्या, आणि वर, जिना संपतो तिथेच, वधू-वर केंद्राची खोली. त्या खोलीत राजकुंवरबाई कांकरिया इतकी वर्षं बसत आल्या होत्या की लोक केंद्राला केंद्र म्हणतच नसत. ‘राजकुंवरबाईंकडे नाव घातलंय का मुलीचं?’ एवढंच विचारत.

बाई साठीला टेकलेल्या. माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच नशिराबादजवळ हायवेवर नवऱ्याच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. मूलबाळ नव्हतं. भाऊ जाऊन घेऊन आला आणि त्या धुळ्याला आल्या त्या आल्याच. पुढे भावाने कापडाचा धंदा सुरतेला नेला, बायकोमुलंही नेली. बहिणीला म्हणाला, “तूही चल.” त्या म्हणाल्या, “बघू.” ते बघणं राहूनच गेलं. दोन खोल्यांचं घर, सकाळी जैन स्थानकात सामायिकाची ध्यानधारणा, दहा ते पाच केंद्र. खानदेशातल्या निम्म्याअधिक ओसवाल घरांतल्या सुना त्यांनी आधी फोटोत पाहिलेल्या होत्या. लग्नपत्रिका ढिगाने यायच्या. त्यांच्या घरी मात्र कोणी येत नसे. येण्यासारखं कामच नसे कुणाला.

पूर्वी फोटो पाकिटातून येत, आता मोबाइलवरून, मेलवरून येतात. केंद्रात एक कम्प्युटर होता आणि त्यावर फोटो दाखवायचा एक प्रोग्रॅम, कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मगनने बसवून दिलेला. मुलाकडचे लोक समोरच्या खुर्च्यांवर बसत, बाई मॉनिटर त्यांच्याकडे वळवत आणि एकेक मुलगी दाखवत जात.

दिवाळी होऊन लग्नसराईची विचारपूस सुरू झाली होती. शिरपूरचं एक कुटुंब केंद्रात आलं. त्यांना पिंपळनेरची पलक आवडली. मुलगी एमएस्सी झालेली, तिथल्याच कॉलेजात शिकवणारी. वडिलांचं बाजारपेठेत किराणा दुकान. चार दिवसांनी तेच लोक जिना दणदणत परत आले. मुलाची आई दारातूनच म्हणाली, “बाई, तुम्ही फोटो धुऊन दाखवता का?”

“म्हणजे?”

“पोरीच्या ओठापाशी कोड आहे. मानेवर आहे. एवढं पांढरं! आम्ही पिंपळनेरपर्यंत गाडी करून गेलो, पोहे खाल्ले, आणि मग बघतो तर हे. तुम्ही आपल्याच समाजाच्या ना? मग लपवता कशाला?”

राजकुंवरबाईंनी मॉनिटर आपल्याकडे वळवला. त्यांनी तो फोटो पुन्हा उघडला. चेहरा गुळगुळीत, उजळ. डागाचं नावनिशाण नाही.

त्याच दुपारी पलकचा फोन आला. बाईंनी तिला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. आता रडेल, भांडेल, असं मनात धरूनच त्यांनी फोन उचलला. पण मुलीचा आवाज शांत होता.

“मावशी, एक विचारू? माझ्या फोटोत डाग दिसत नाही का?”

“नाही ना गं बेटा.”

“मी तर तो फोटो मुद्दाम उन्हात काढून घेतला होता. गच्चीवर. आधीच कळावं म्हणून. घरी येऊन, माझ्याकडे बघून गप्प होणारी माणसं मला आता नको वाटतात.”

फोन ठेवल्यावर बाईंनी आपल्या मोबाइलवर आलेला तिचा मूळ फोटो शोधून काढला. ओठाच्या उजव्या कोपऱ्याशी बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग, मानेवर आणखी एक. स्वच्छ दिसत होते. तोच फोटो कम्प्युटरवर उघडला की गायब. त्यांनी दुसऱ्या मुलींचे फोटो असेच ताडून पाहिले. कुणाचे पुटकुळ्यांचे वण पुसलेले, कुणाचा सावळा रंग पार उतरलेला. मगनला फोन लावला तर तो म्हणाला, “ताई, तो प्रोग्रॅम फोटो आपोआप सुंदर करतो. ते चांगलंच की! लोकांना आवडतं. फोटो दिसतोय ना? मग झालं.”

धर्मशाळा झाडणारी बेबाबाई तेवढ्यात केरसुणी घेऊन आत आली. मॉनिटरवर ओळीने लावलेले, बहिणीबहिणींसारखे दिसणारे चेहरे बघून ती हसली. “या बठ्ठ्या पोरी एकच मायन्या शेतस का वं, बाई?”

त्या रात्री राजकुंवरबाईंना झोप लागली नाही. आपल्या हातून एका मुलीचा अपमान झाला, तोही तिच्याच घरात, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. आणि फोटो दाखवताना आपण तिचं कौतुकच करत होतो, ‘मुलगी बघा किती नितळ’ असं आपणच म्हणालो होतो, हे आठवून तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी त्यांनी पलकला फोन केला. “बेटा, मला यातलं कळत नाही. पण हा प्रोग्रॅम मी काढून टाकणार. दुसरा कोणता घ्यायचा ते तू सांगशील?”

“मलाही सगळं येतं असं नाही,” पलक म्हणाली. “पण शनिवारी मला सुट्टी असते. मी येते.”

शनिवारी साक्रीमार्गे बस पकडून ती आली. उंच, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. जिना चढून आल्यावर दारात क्षणभर थांबली, समोरच्या माणसाला आपल्याकडे बघून घ्यायला वेळ द्यावा तशी. राजकुंवरबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, “बस. पाणी देऊ?” पलक हसली.

आधी दोघींनी जुना प्रोग्रॅम काढून टाकला. मग नेटवरून एक नवा उतरवला. तो चटकन उघडे, पण मोठा फोटो पडद्यावर मावेल एवढा लहान करताना त्याची तारांबळ उडे. केसांच्या, दागिन्यांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी तुटल्यासारख्या दिसत. दुसरा आणला. त्यात कडा नीट, पण चेहरे फिके, आजारातून उठल्यासारखे. पलकने बराच वेळ वाचून काढलं आणि सांगितलं, “मावशी, फोटोच्या आतच लिहून ठेवलेलं असतं, यातला लाल म्हणजे नेमका कोणता लाल. हा प्रोग्रॅम ते वाचतच नाही. आपल्या अंदाजाने रंग लावतो.”

“म्हणजे आपल्या समाजातल्या काही लोकांसारखा,” राजकुंवरबाई म्हणाल्या. आपण थट्टा केली हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. थट्टा करायला समोर कोणी असावं लागतं, आणि बऱ्याच दिवसांत तसं कोणी नव्हतं.

त्या दिवशी काम संपलं नाही. पलक पुढच्या शनिवारी आली, त्याच्या पुढच्याही. एका प्रोग्रॅममध्ये आयफोनचे फोटोच उघडेनात. एकात सगळं छान, पण फोटो मोठा करायला गेलं की तो आपणहून धार लावायचा, आणि साध्या सुरकुत्या खाचांसारख्या दिसायच्या. मग पलकच्या ध्यानात आलं की मॉनिटरच भलता उजळ लावून ठेवलाय. तिने उजेड कमी केला, खिडकीची चौकट चमकत होती तिथे पडदा ओढला. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो वाटेतच दाबले जातात, तेव्हा मूळ फोटो मेलवर किंवा पेन ड्राइव्हवर मागवायचे, हेही तिनेच ठरवून दिलं.

शनिवारी राजकुंवरबाई डबा दोघींचा आणू लागल्या. गट्ट्याची भाजी, खाकरे, कधी मुगाचा शिरा. पलक जेवता जेवता दुकानावर येणाऱ्या बायकांच्या नकला करायची, पिंपळनेरच्या बाजारातल्या गमती अहिराणीत सांगायची. कोड अठराव्या वर्षी आलं, औषध चालू आहे, आता पसरत नाही, हेही तिने असंच खाता खाता सांगितलं. बाई शुक्रवारी संध्याकाळपासूनच उद्या काय करायचं याचा विचार करत. भाजीवाल्या लताबाईने एकदा विचारलंसुद्धा, “पाहुणे आले का घरी?” बाई म्हणाल्या, “हो.”

एका शनिवारी एक साधासा प्रोग्रॅम सापडला. करड्या पार्श्वभूमीवर फक्त फोटो, बाजूला बटणांची गर्दी नाही. एक कळ दाबली की फोटो मूळ आकारात, कमी नाही, जास्त नाही. पलकने आपला गच्चीवरचा फोटो उघडला आणि पाहत राहिली.

“कसा वाटतो?” बाईंनी विचारलं.

“मला नाही सांगता येणार. मी स्वतःला आरशातच पाहते. तुम्ही समोर बसा, तुमचा फोटो काढते. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आहात, मग पडद्यावर तुम्हीच दिसता की दुसरं कोणी, ते मला बरोबर कळेल.”

“माझा कशाला गं!” म्हणत बाईंनी पदर सारखा केला. पलकने त्यांना चष्मा उतरवून, मान जरा वळवून खिडकीपाशी बसवलं, मोबाइलवर फोटो काढला, तार लावून कम्प्युटरवर घेतला आणि उघडला. पडद्यावर राजकुंवरबाईंचा चेहरा आला. चष्म्याने नाकावर पाडलेले दोन खळगे. भिवईतला एकुलता पांढरा केस. गालावर बारीक आडव्या रेषा, जशा पांझरा नदीच्या कोरड्या गाळात पडतात. पलक एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होती. इतका वेळ, इतक्या जवळून, त्यांच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिल्याचं त्यांना आठवेना.

“हाच,” पलक म्हणाली. “हाच ठेवायचा. तुमच्या कानाखालचा तीळसुद्धा जसाच्या तसा आलाय.”

“कुठला तीळ?”

“हा काय. तुम्हाला माहीत नाही?” तिने बोट लावलं. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कडेला, आरशात दिसणार नाही अशा जागी.

राजकुंवरबाईंनी बोटाने चाचपून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही. आई लवकर गेली, नवऱ्याला चार वर्षं मिळाली, तीही दुकान आणि लाज यांत निम्मी गेली. त्याने पाहिला असेल का? असला तर बोलला नाही. “नव्हतं माहीत,” त्या म्हणाल्या. “सांगणार कोण?” आणि उगाच उठून खिडकीची कडी लावून आल्या.

सोमवारपासून केंद्रात नवा प्रोग्रॅम सुरू झाला, आणि लोकांची कुरकुरही. “या मुली मागच्या महिन्यात गोऱ्या होत्या!” एक बाई म्हणाली. दोन घरांनी आपल्या मुलींचे फोटो परत घेतले. पलकचा फोटो पाहून काहीजण ‘पुढचा’ म्हणत. राजकुंवरबाई पुढचा दाखवत. त्यात निदान कोणी पिंपळनेरला जाऊन कुणाच्या घरात गप्प होत नव्हतं.

महिन्याभराने केंद्राचे अध्यक्ष अभयकुमारजी जिना चढून आले. कापडाचे मोठे व्यापारी, बोलणं गोड, पण आज कपाळाला आठी होती.

“राजकुंवरजी, तक्रारी येतायत. तुमच्या कम्प्युटरवर मुली काळ्या दिसतात म्हणे.”

“काळ्या नाही दिसत. जशा आहेत तशा दिसतात.”

“अहो, लग्न जुळवायचंय की पंचनामा करायचाय? पहिलाच प्रोग्रॅम बरा होता. मगनला पाठवतो, तो लावून देईल.”

राजकुंवरबाईंनी आजवर समितीच्या कुठल्याही माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज त्या बोलल्या. “मगनला पाठवा. पण मग या खुर्चीवर बसायलाही कोणाला तरी पाठवा. शिरपूरच्या बाईने मला जे विचारलं, ते मला पुन्हा ऐकायचं नाही.”

अभयकुमारजी टेबलावरचा तांब्या उचलून पाणी प्यायले. खुर्चीवर बसायला दुसरं कोणी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. “तुम्ही पण ना,” एवढं म्हणून ते उतरून गेले. मगन काही आला नाही.

फेब्रुवारीत जळगावहून माय-लेक आले. मुलगा जिनेश, पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान. वडील नव्हते. आई एकेक फोटो बारकाईने बघत होती, मुलगा कंटाळून खुर्चीत घसरला होता. पलकचा फोटो आला. आई पुढे झुकली.

“ओठापाशी काय आहे हे?”

“कोड आहे,” राजकुंवरबाई म्हणाल्या. “मानेवरही आहे. फोटोत दिसतं तेवढंच. औषध चालू आहे, वाढत नाही. मुलगी माझ्या माहितीतली आहे.”

आई मागे टेकली. जिनेश मात्र सरळ झाला. “मोठा करता का जरा?” बाईंनी कळ दाबली. तो जवळ आला, फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग एकदम हसला. “मागे टाकी आहे ना, तिचा कॉक उलटा बसवलाय. गळत असेल.”

“अरे, मुलगी बघ!” आई वैतागली.

“मुलगी बघितली,” जिनेश म्हणाला. “म्हणून तर टाकी बघतोय.”

आई पर्स उचलून उठली. जिन्यात दोघांचं हलक्या आवाजात काही बोलणं झालं. ‘गेलं हेही,’ असं समजून राजकुंवरबाईंनी पुढच्या कामाला हात घातला. पण तिसऱ्या दिवशी जिनेशच्या आईचाच फोन आला, पिंपळनेरचा पत्ता मागायला. “मी माझ्या जावेला विचारलं,” ती म्हणाली, “तिच्या बहिणीला कोड आहे. नातवंडंही झाली तिला, चांगला संसार आहे. बघून तर येऊ.”

बघून आले. गप्प कोणी झालं नाही. जिनेशने पहिल्याच भेटीत गच्चीवर जाऊन कॉक सुलटा करून दिला, हे पलकने फोनवर हसत हसत सांगितलं. राजकुंवरबाईही हसल्या. आनंद खरा होता. त्यांनी देवासमोर साखरही ठेवली. पुढच्या शनिवारी सवयीने त्यांनी दोघींचा डबा भरला आणि केंद्रात जाऊन बसल्यावर लक्षात आलं की आता पलकला यायला कारण उरलेलं नाही. प्रोग्रॅम निवडून झाला होता. तिला आता साड्या, दागिने, रजेचे अर्ज, किती कामं. बाईंनी अर्धा डबा बेबाबाईला दिला.

लग्न वैशाखात जळगावला झालं. राजकुंवरबाई सकाळच्या बसने गेल्या. ऊन असं की मंडपाचं कापडही हाताला चटके देत होतं. पलकने वाकून नमस्कार केला, हात धरून ठेवला, म्हणाली, “मावशी, जेवल्याशिवाय जायचं नाही हं.” तिने डाग झाकायला काही लावलं नव्हतं, आणि ते बाईंनी लगेच टिपलं. मग कोणीतरी तिला ओढून नेलं. जेवणाच्या आधी फोटोग्राफर ओरडला, “जवळचे सगळे या, जवळचे!” माम्या, आत्या, मावश्या, चुलतभाऊ, सगळे स्टेजकडे धावले. राजकुंवरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. स्टेजवरून पलक गर्दीत कुणाला तरी शोधत होती असं त्यांना वाटलं. कुणाला ते कसं सांगणार? पायऱ्यांवर रेटारेटी झाली होती. त्या परत खाली बसल्या आणि हातातल्या पंख्याने वारा घेत राहिल्या.

त्यांचं स्वतःचं सासरचं घर तिथून रिक्षाने फार दूर नव्हतं. तिथे आता दिराची मुलं राहत होती, ओळख दाखवतीलच याची खात्री नव्हती. जेवण करून त्या तडक बस स्टँडवर गेल्या. पारोळ्याच्या पुढे बस रिकामी झाली, तशी त्यांनी बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली.

पावसाळा गेला. केंद्रात येणं-जाणं तसं कमीच झालं. लोक आता आपापल्या मोबाइलच्या ग्रुपवरच मुली बघत. जे जिना चढून येत, त्यांच्यात कधीतरी एखादा बाप म्हणे, “बाई, इथे दिसतं ते खरं असतं, म्हणून आलो.” बाई मान हलवत आणि मॉनिटर वळवत. पलकचे फोन सुरुवातीला आठवड्याला येत, मग सणावाराला. त्यांना राग नव्हता. संसाराला लागलेल्या मुलीने फोन तरी किती करायचे?

पुन्हा दिवाळी झाली. एका संध्याकाळी बाई घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या. त्या चौविहार पाळत, सूर्य मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंबही नाही. थंडीत दिवस लहान, म्हणून घाई असे. खिचडी झाली, ताट वाढून घेतलं, तोच फोन वाजला. पलक.

“मावशी, लग्नाचे फोटो एवढ्या दिवसांनी मिळाले, आणि आमच्या कम्प्युटरवर कसे तरीच दिसतायत. माझा चेहरा तर पांढराफटक! आपण तो प्रोग्रॅम केंद्रात लावला होता ना, त्याचं नाव काय हो? मी साफ विसरले.”

राजकुंवरबाईंनी ताटावर ताट झाकलं आणि भिंतीला टेकून बसल्या. “थांब, सगळं सांगते. आधी जुना काढून टाक. काढलास? मग मॉनिटरचा उजेड कमी कर. खिडकी कुठल्या बाजूला आहे तुमची?”

“डावीकडे.”

“मग पडदा ओढ. आता नाव लिहून घे...” त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. मग सेटिंगमध्ये काय बंद ठेवायचं, धार लावायची खूण कुठे असते, ती का काढायची. पलीकडून कळांचे आवाज येत होते. जिनेश मध्येच काही विचारत होता, त्यालाही त्यांनी सांगितलं. दोनदा सांगायचं ते तीनदा सांगितलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं ऊन टाकीवर चढलं, टाकीवरून निघून गेलं. त्यांना दिसत होतं.

“उघडला!” पलक ओरडली. “अहाहा, मावशी! काय स्वच्छ दिसतायत! अहो, बघा ना हा... बरं, ठेवू? सासूबाई बोलावतायत. या ना कधी जळगावला.”

“येईन की,” राजकुंवरबाई म्हणाल्या.

फोन ठेवला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. त्यांनी खिचडी डब्यात काढली, सकाळी बेबाबाईला देता येईल म्हणून. ताट धुऊन पालथं घातलं, आणि संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेसाठी आसन पसरून बसल्या.